एकक नसलेला आकडा

कादंबरीतल्या बायकोचं गुपित पान दोनशे अठ्ठ्याण्णववर फुटलं, आणि फुटून त्यातून निघालं काय, तर एक जुळी बहीण. डोंगर पोखरून उंदीर काढावा तसला प्रकार. दर गुरुवारी दोन तास ही बाई जाते तरी कुठे, या एका प्रश्नावर लेखकाने माणसाला जवळजवळ तीनशे पानं फरफटत नेलं होतं. वाटेत एक किल्ली, एक अर्धवट जळालेलं पत्र आणि नवऱ्याच्या मनातले संशयाचे इतके भोवरे, की वाचणाऱ्यालाच घेरी यावी. शेवटी कळतं की ती रुग्णालयातल्या बहिणीला भेटायला जात होती. बस्स. त्याने पुस्तक मिटलं आणि चष्मा कपाळावर चढवला. शनिवारची दुपार, घरात कोणी नाही, पंख्याचा आवाज तेवढा चालू. फसवलं गेल्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. फसवून घ्यायलाच तर माणूस असली पुस्तकं आणतो. त्याला चीड आली ती लेखकाच्या हिशेबाची. लपवण्यावर तीनशे पानं आणि लपवलेल्यावर अडीच. ती बहीण बोलते कशी, खिडकीतून काय बघते, त्या दोन तासांत या दोघी करतात तरी काय, याबद्दल चकार शब्द नाही. प्रयोगशाळेत हाताखालच्या कोणी असा अहवाल आणला असता, म्हणजे उपकरणाच्या खोक्याचं साद्यंत वर्णन आणि उपकरणावरचं प्रत्यक्ष वाचन एकच, तर त्याने तो काही न बोलता परत केला असता.

आता राहिल्या होत्या चिठ्ठ्या. हा त्या नवराबायकोचा सव्वीस वर्षांचा खेळ होता, आणि नियम त्यानेच घालून दिलेले असल्यामुळे कडक होते. वाचनालयातून रहस्यकथा आणायची; जो आधी वाचेल त्याने शंभराव्या पानावर थांबून आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालून मागल्या मलपृष्ठाच्या आतल्या, कार्डासाठीच्या खिशात ठेवायचा, आणि दुसऱ्याचं पुस्तक संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. दुसऱ्यानेही तेच करायचं. प्रयोगशाळेतली शिस्त त्याने घरात आणली होती: एकाचं वाचन दुसऱ्याला माहीत असलं, की दुसऱ्याचं वाचन नासतं. त्याने खिशातून दोन्ही चिठ्ठ्या काढल्या. स्वतःच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, ‘पहिलं लग्न लपवलेलं.’ चूक. बायकोच्या चिठ्ठीवर, तिच्या त्या मुद्रितशोधकाच्या टोकदार, एकही टिंब न गाळणाऱ्या अक्षरात: ‘जुळी बहीण. पण लेखकाला तिच्यात काही रस नाही, त्यामुळे आपल्यालाही वाटणार नाही.’ तो हसला. मग चिठ्ठी परत खिशात सरकवताना ती पालथी झाली, आणि मागची बाजू त्याला दिसली.

मागे एका वर्तुळाचा तुकडा होता. कागद एका मोठ्या पानातून फाडलेला. त्यावर कंपासने काढलेला, पेन्सिलीचा, अगदी बारीक कंस, आणि कंसाच्या आत ठिपके. शिंतोडे म्हणावेत असे ते नव्हते. काही एकेकटे, काही झुबक्याने, आणि दोन-तीन ठिपक्यांभोवती फिकट छायेची किनार, जशी ओल्या कागदावर शाई पसरावी. खाली मागल्या मंगळवारची तारीख, वेळ आठ-चाळीस, आणि ‘६ – ३१ – ९१. ढग आले. अर्धवट, टाकाऊ.’ त्याने उठून टेबलावरून कर्कटक आणि पट्टी आणली आणि सवयीने कंसाची त्रिज्या काढली. पंचाहत्तर मिलिमीटर, म्हणजे पूर्ण वर्तुळ दीडशेचं. असं वर्तुळ कोणी चाळा म्हणून काढत नाही. पण त्याला खरा अडखळवला तो शेवटच्या आकड्याने. एक्याण्णव. एक्याण्णव काय?

वजनमापांच्या प्रयोगशाळेत त्याची उभी हयात गेली होती. बाजारातली, दवाखान्यांतली, कारखान्यांतली वजनं तिथे तपासायला येत, आणि तो ती एका बंद काचेच्या पेटीत, श्वासाचीही ऊब लागणार नाही अशा बेताने, प्रमाण वजनाशी ताडून पाही. नव्या माणसाला त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: एकक नसलेला आकडा हा आकडाच नव्हे, तो नुसता आवाज. त्यावरून लोक त्याला पाठीमागे एककसाहेब म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं, आवडतही होतं. दोन महिन्यांनी तो निवृत्त व्हायचा होता. आणि आता पंख्याखाली उभं राहून त्याच्या ध्यानात येत होतं, की हा आवाज त्याने आधी ऐकलेला आहे. रविवारी सकाळी, गालाला साबण लावलेला असताना, न्हाणीघराच्या झडपेतून. पलीकडची खोली वडिलांची, तिला लागून पूर्वेची बाल्कनी. वडिलांचा खर्जातला आवाज येई, “आज किती?” आणि बायको म्हणे, “त्र्याऐंशी.” “भले!” कधी बहात्तर, कधी सत्तावन्न. वडिलांचं हृदय नाजूक होतं, म्हणून सून नाडी मोजते, हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि मनातल्या मनात तिचे आभारही मानले होते. मग एक वर्ष असं आलं की आकडे उतरत गेले. चोवीस. अकरा. एका रविवारी त्याने स्पष्ट ऐकलं, “आज किती?” “शून्य!” “आजही शून्य?” आणि दोघं खो खो हसले होते. वस्तरा गालावर तसाच धरून तो क्षणभर थांबला होता, हे त्याला आता लख्ख आठवलं. नाडी शून्य असलेला माणूस हसतो कसा, हा प्रश्न त्याच्या मनात आलाही होता. आणि मग त्याने काय केलं? म्हाताऱ्यांची थट्टा, असं म्हणून हनुवटीकडे वळला. ज्याने उभ्या आयुष्यात एक मिलिग्रॅम कोणाला सोडला नाही, त्याने आपल्या घरातलं, भिंतीपलीकडचं, सगळ्यात विसंगत वाचन चुकीच्या रकान्यात टाकून दिलं होतं.

कादंबरीतला नवरा अशा वेळी चाकूने कुलूप उचकटतो. वडिलांच्या खोलीतल्या कपाटाला कुलूपच नव्हतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचे दोन कोट अजून टांगलेले होते, आणि कोटांच्या मागे, ज्या दुर्बिणीबद्दल तो छातीठोकपणे सांगू शकला असता की ती माळ्यावर आहे, ती उभी होती. मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्यासाठी आणलेली, पन्नास मिलिमीटरची, पंधरा दिवसांत अडगळीत गेलेली. नळीवर एक पुठ्ठा चढवलेला होता, मधोमध भोक पाडलेला, कडेला त्याच्याच एका सदऱ्याच्या खोक्यावरचं दुकानाचं चिन्ह. खालच्या फळीवर छापखान्यातल्या उरलेल्या कागदांच्या वह्या, घरी शिवलेल्या. अकरा. त्याने पहिली उघडली. प्रत्येक पानावर दीडशे मिलिमीटरचं एक वर्तुळ, आणि वर्तुळावर लिहिलेलं नसलं तरी ते काय आहे हे कळायला आता लहान मूलही पुरलं असतं. सूर्य. रोजचा एक सूर्य. डागांचे गट किती, एकूण डाग किती, आणि गटांची दहापट अधिक डाग, मिळून एक आकडा. शेरे म्हणून शेवटचा रकाना. तो जमिनीवरच बसला. पानं उलटताना डाग डाव्या कडेवरून निघत, रोज थोडे सरकत, तेरा दिवसांत उजव्या कडेआड बुडत, आणि पुढे दोन आठवड्यांनी एखाद्या पानावर शेऱ्यात तीन शब्द दिसत: ‘तोच! परत आला.’ पहिल्या वहीत आकडे शंभराच्या वर. मग वर्षागणिक उतरत, पाचव्या-सहाव्या वहीत ओळीने चाळीस-चाळीस दिवस कोरी वर्तुळं आणि शून्यं. आणि ती शून्यंही रोजची, तारखेनिशी, वेळेनिशी, जणू काही नसणं हेही रोज जाऊन तपासून येण्याजोगं आहे. मग एक एकुलता ठिपका. शेरा: ‘आला. बाबांना आधी दिसला.’ आणि तिथून पुन्हा चढण. एक अख्खी भरती-ओहोटी, अकरा वर्षांची, या खोलीतून, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून.

शेरे तो एकेक करून वाचू लागला. ‘बाबांनी मोजले ९, मी १४. त्यांचे ९ वेगळे लिहिले.’ ‘बाबा दवाखान्यात. नोंद नाही.’ असे एकोणीस दिवस. एकोणीस मोकळ्या ओळी. आदल्या-नंतरच्या दिवसांवरून सरासरी काढून त्या भरता आल्या असत्या. मोठमोठ्या प्रयोगशाळांत भरतात, त्याने स्वतः पकडलेल्या आहेत. हिने भरल्या नव्हत्या. एका पानावर: ‘सकाळी यांच्याशी वादावादी. हात स्थिर नाही. दर्जा २.’ त्याने ती ओळ तीनदा वाचली. प्रत्येक मापनाच्या वर तो तपमान, दमटपणा, हवेचा दाब लिहीत असे, कारण त्यांनी वाचन बिघडतं. या वहीत तो स्वतः त्या जागी होता. ढग, धुकं, नवरा. त्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. चुकीमागचं कारण प्रामाणिकपणे नोंदवलं होतं, एवढंच. वह्यांच्या शेवटी एका दूरच्या वेधशाळेची वार्षिक पत्रं होती, ज्यांची पाकिटं तो इतकी वर्षं कोणत्यातरी ग्रंथप्रदर्शनाची निमंत्रणं समजून तिच्या उशाशी ठेवत आला होता. प्रत्येक निरीक्षकाची नजर वेगळी, म्हणून प्रत्येकाला इतरांशी ताडून एक गुणक देतात, असं पत्रात होतं. म्हणजे माणसालाच तराजूत घालतात. तिचे दहा वर्षांचे गुणक त्याने ओळीने वाचले: ०.७१, ०.७२, ०.७१, ०.७१, ०.७०, ०.७१, ०.७१, ०.७२, ०.७१, ०.७१. मधे वडील गेले होते, मुलगी परक्या देशी गेली होती, हिच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता. दहा वर्षं इतकी स्थिर राहिलेली नजर त्याने प्रयोगशाळेत एकाही माणसात पाहिली नव्हती.

घंटा वाजली. सुतार होता, शेवटची मापं घ्यायला आलेला. निवृत्तीनंतर वडिलांची खोली आणि बाल्कनी एक करून, पूर्वेला दुधी काच लावून, त्याला अभ्यासिका करायची होती. बेत त्याचाच, सहा महिन्यांपासूनचा. बायकोला विचारलं होतं, ती म्हणाली होती, “तुम्हाला हवं तर करा.” तिला काही म्हणायचं नाही असा त्याने अर्थ घेतला होता, कारण तो सोयीचा होता.

“साहेब, काच उद्या सकाळी नऊला आणतो, माणसांसकट,” सुतार फीत गुंडाळत म्हणाला. “एकदा बसली की बघा, ऊन नाही, धूळ नाही, आवाज नाही. कबूतर आपटून जाईल, पण आत येणार नाही.”

“उघडणारी नाही ना ती?”

“आता हे तुम्हीच विचारताय? बंदिस्त पाहिजे म्हणून तुम्हीच तर माझा जीव खाल्लात.” सुताराने पेन्सिल कानावर खोचली. “वहिनींनीपण हेच विचारलं होतं मागल्या खेपेला. उघडेल ना, म्हणाल्या. मी म्हटलं, साहेबांनी बंदिस्त सांगितलीय. तर म्हणाल्या, बरं.”

“एवढंच?”

“एवढंच. चहा मात्र फक्कड दिला.”

सुतार गेल्यावर तो बाल्कनीत उभा राहिला. सूर्य घरावरून पलीकडे गेला होता. कठड्यावर नुसती सावली होती. ‘बरं’ या शब्दाचं वजन किती, हे त्याच्या कुठल्याच तराजूवर निघालं नसतं. शेवटच्या वहीच्या मुखपृष्ठाच्या आत तिने एक तारीख लिहून ठेवली होती, पाच आठवड्यांनंतरची, आणि पुढे, ‘अकरा पूर्ण.’ आत त्या तारखेपर्यंत आखून ठेवलेल्या ओळींतल्या उद्याच्या पुढच्या सगळ्या ओळी पेन्सिलीच्या नव्या, ताज्या रेघेने कापलेल्या होत्या. तिथे शेरा नव्हता. मोकळ्या ओळींना ती कारण लिही. या ओळींना तिने लिहिलं नव्हतं. कारण काय लिहिलं असतं? दुधी काच?

संध्याकाळी ती बहिणीकडून आली, पिशवी ठेवली, आणि पुस्तक मिटलेलं बघून डोळे मिचकावत म्हणाली, “काय, लागला निकाल?”

“जुळी बहीण.”

“बघा! आणि तुमचं? थांबा, सांगू नका. पहिलं लग्न.”

“तुला कसं कळलं?”

“सव्वीस वर्षांत तुम्ही पहिल्या लग्नाच्या पलीकडे गेलेले नाही आहात. जगात बायका दुसरं काही लपवतच नसतील जणू.” ती हसत चहा ठेवायला गेली. त्याच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण सगळं सांगून टाकणं म्हणजे पुन्हा तेच, खोक्याचं वर्णन. शिवाय सूर्य मावळला होता. पुरावा समोर नसताना बोलायची त्याला सवय नव्हती.

रविवारी तो साडेआठला न्हाणीघरात गेला नाही. वडिलांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बायको पाठमोरी, स्टुलावर बसलेली. दुर्बीण तिच्या खांद्यावरून सूर्याकडे रोखलेली, खुर्चीच्या पाठीला टेकवलेल्या फळीवर पांढरा कागद, आणि भोकाचा पुठ्ठा कपड्यांच्या दोन चिमट्यांनी कसाबसा नळीला अडकवलेला. दुर्बिणीतून ती बघत नव्हतीच. सूर्यच तिने कागदावर उतरवून घेतला होता. पेन्सिल चालली होती. त्याला एकाएकी बोलायला भीती वाटली, साहेबासमोर पहिल्यांदा उभं राहताना वाटते तशी. घसा खाकरून तो म्हणाला,

“आज किती?”

पेन्सिल थांबली. ती वळली नाही. मग ती म्हणाली, “सांगणार नाही. आधी तुम्ही मोजा. आणि नळीत डोळा घालू नका, आंधळे व्हाल.”

तो पुढे होऊन वाकला. कागदावर सूर्य होता. छापील चित्रातला नव्हे, जिवंत; कडा उकळत्या दुधासारखी थरथरत होती, आणि थाळीवर काळे, स्थिर डाग, भोवती करड्या किनारी. त्याने नकळत हिशेब केला: दीडशे मिलिमीटरच्या या थाळीवर पृथ्वी दीड मिलिमीटरचीही भरली नसती. पेन्सिलीचं टोक टेकलं तर झाकली जाईल. त्यातल्या मोठ्या डागात अशा सहा-सात बुडल्या असत्या, प्रमाण वजनांसकट. आणि ती थाळी सरकत होती. सावकाश, न थांबता, वर्तुळाबाहेर चालली होती.

“हलतंय,” तो म्हणाला.

“ते नाही हलत. आपण हलतोय. दोन मिनिटांत अख्खा सूर्य निघून जातो कागदावरून.” तिने एका बोटाने नळी जरा ढकलली, सूर्य मुकाट्याने वर्तुळात परत आला. हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, वयाच्या बाराव्या वर्षापासून. पण हे घर, ही दोरी, हा कठडा, आत वाजणारा पंखा, सगळं एका दिशेला लोटलं जातंय, हे त्याच्या पायांना आज पहिल्यांदा कळलं. त्याने खुर्ची धरली.

“सांगितलं का नाहीस?”

“पहिल्या महिन्यात सांगणार होते. तेव्हा चुकत होते. म्हटलं, बरोबर यायला लागलं की सांगू. तुमच्यासमोर चुकीचं वाचन कोण ठेवणार? मग बरोबर यायला लागलं.” तिने नळी पुन्हा जराशी ढकलली. “तेव्हा वाटलं, आता कशाला?”

त्याने कागदाचा कपटा घेतला, मोजलं, लिहिलं, घडी घातली. तिनेही घातली. चिठ्ठ्या उघडल्या. त्याचे चार गट, एकोणीस डाग, एकोणसाठ. तिचे सात गट, बेचाळीस, एकशे बारा. तो पुन्हा वाकला. जिथे त्याला कोरा प्रकाश दिसत होता, तिथे तिने पेन्सिलीच्या टोकाने नुसता निर्देश केला, आणि डोळे ताणल्यावर, हळूहळू, धुक्यातून माणसं यावीत तसे तीन ठिपके आले. ते आधीपासून तिथेच होते.

“एकक काय याचं?” त्याने विचारलं.

“एकक नाही याला. बाबांनीपण विचारलं होतं. नुसताच आकडा.” आणि मग, किंचित हसून, “तुमच्या लेखी नुसता आवाज.”

तेवढ्यात चिमटा निसटला, पुठ्ठा कलला, ऊन कागदावर सांडलं आणि फिकट ठिपके एकदम पुसले गेले. “धरा, धरा! बाबा धरायचे. दोन गट काढायचे राहिलेत अजून.” त्याने पुठ्ठा धरला. त्याच्या हातातल्या पुठ्ठ्याची सावली पडली, आणि त्या सावलीत सूर्य परत आला. ती काढू लागली. बाहेर घंटा वाजली.

पेन्सिल थबकली. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. “सुतार असेल.”

“असू दे.”

“काच आणली असेल त्याने.”

“असेल. परत नेईल.”

घंटा पुन्हा वाजली, लांब, मग दारावर थाप आणि “साहेब! ओ साहेब, काच जड आहे!” त्याचे खांदे दुखू लागले होते, बोटं कापायच्या बेतात होती. ही कंपनं वाचन बिघडवतील, हे त्याला कळत होतं, आणि वहीच्या रकान्यात आज आपल्याबद्दल काय लिहिलं जाईल याची त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी धास्ती वाटली. त्याने श्वास रोखून धरला, काचेच्या पेटीसमोर धरीत असे तसा. कागदावर सूर्य कडेकडे निघाला होता.

“हलू नका,” ती म्हणाली.

तो हलला नाही.